मिडवाइफरीच्या पदवीसाठी दोन वर्षे, दोन अर्ज: इंग्लंडमधल्या एका मराठी अर्जदाराचे प्रकरण

पार्श्वभूमी

अर्जदार मूळच्या सांगली जिल्ह्यातल्या. बारावी विज्ञान महाराष्ट्र बोर्डातून, २०१४ साली सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. पतीच्या नोकरीमुळे २०१६ मध्ये इंग्लंडच्या मिडलँड्स भागात आल्या, मुलीचा जन्म तिथलाच. २०२२ मध्ये कायम वास्तव्याची परवानगी मिळाली. पहिला अर्ज केला तेव्हा वय ३२, नोकरी एका प्राथमिक शाळेत मधल्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवण्याची. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि विद्यापीठांची नावे दिलेली नाहीत.

पुढचे समजण्यासाठी एक फरक आधी लक्षात घ्यावा लागतो. महाराष्ट्रात प्रसूतीचे शिक्षण नर्सिंगच्या पोटात येते. तीन वर्षांचे जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) किंवा चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग केले की नर्स आणि मिडवाइफ अशी एकत्र नोंदणी होते. ब्रिटनमध्ये मिडवाइफ हा वेगळा पेशा आहे आणि नर्स न होता थेट त्याची पदवी घेता येते. तीन वर्षे, किमान ४,६०० तास, त्यातला अर्धा वेळ वर्गात आणि अर्धा प्रत्यक्ष कामावर. शिकणाऱ्या विद्यार्थिनीने देखरेखीखाली साधारण ४० बाळंतपणे स्वतः करायची असतात. गरोदरपण, बाळंतपण आणि नंतरचे दिवस सुरळीत असतील तर तिथली मिडवाइफ सगळी काळजी स्वतःच्या जबाबदारीवर घेते. गुंतागुंत दिसली तर ती ओळखणे आणि वेळेत डॉक्टरांना बोलावणे हेही तिचेच काम. ‘मिडवाइफ’ हे पदनाम कायद्याने संरक्षित आहे आणि नोंदणी नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलकडे, म्हणजे एनएमसीकडे होते.

भारतात आधीच नर्स-मिडवाइफ म्हणून नोंदणी असलेल्यांना पदवी पुन्हा करण्याची गरज नसते. त्यांच्यासाठी एनएमसीची संगणकावरची परीक्षा आणि प्रात्यक्षिक परीक्षा असा वेगळा मार्ग आहे. या प्रकरणातल्या अर्जदारांकडे तशी नोंदणी नव्हती.

समस्या: पाच अर्ज, एकही जागा नाही

अर्ज यूकॅस या मध्यवर्ती यंत्रणेतून होतो. जास्तीत जास्त पाच ठिकाणे निवडता येतात आणि पाचही ठिकाणी एकच निवेदन जाते. सप्टेंबर २०२४ च्या प्रवेशासाठी मुदत ३१ जानेवारी २०२४ होती. अर्जदारांनी पाचही रकाने भरले आणि मुदतीच्या आठवडाभर आधी अर्ज पाठवला. निकाल असा लागला.

दोन विद्यापीठांनी कागदपत्रांवरच नकार दिला. जीसीएसई ही तिथली सोळाव्या वर्षीची परीक्षा; तिच्या श्रेणी एक ते नऊ, नववी सर्वांत वरची. इंग्रजी आणि गणित या विषयांत तिची चौथी श्रेणी किंवा समकक्ष पात्रता हवी असते, बहुतेक ठिकाणी विज्ञानही. महाराष्ट्र बोर्डाचे दहावीचे इंग्रजी या दोघांनी समकक्ष धरले नाही. अर्जदारांचा समज असा की बी.एस्सी. आहे म्हणजे दहावीचा प्रश्नच येत नाही. हा समज फार जणांचा असतो. पदवी कितीही मोठी असली तरी मिडवाइफरीचे प्रवेश पाहणारे लोक इंग्रजी आणि गणित स्वतंत्रपणे तपासतात, कारण पुढे औषधाची मात्रा काढणे आणि नोंदी लिहिणे याच दोन गोष्टींवर उभे असते.

तिसऱ्याने कारण दिले ते ‘अलीकडचा अभ्यास नाही’ असे. बऱ्याच ठिकाणी गेल्या तीन ते पाच वर्षांत काही औपचारिक शिक्षण झालेले असावे लागते. २०१४ ची पदवी त्या चौकटीत बसत नव्हती.

चौथ्याकडून मुलाखतीचे बोलावणे आले, पण ते अर्जदारांनीच नाकारले. विद्यापीठ घरापासून दोन तासांवर होते आणि प्रत्यक्ष कामाची रुग्णालये त्याच्याही पलीकडे. सकाळी साडेसातच्या पाळीला तिथे पोचायला सार्वजनिक वाहनच नव्हते. हे अर्ज करण्याआधी नकाशावर दहा मिनिटांत कळले असते. पाच संधींतली एक अशी वाया गेली.

पाचव्याने मुलाखत घेतली आणि नकार दिला. या मुलाखतीतून सगळ्यात जास्त शिकायला मिळाले, म्हणून ती सविस्तर पाहू.

पहिली मुलाखत नेमकी कुठे फसली

मुलाखत ऑनलाइन होती. सहा टप्पे, प्रत्येकी पाच मिनिटे, प्रत्येक टप्प्यावर वेगळा परीक्षक, आणि प्रश्न वाचायला आधी एक मिनिट. या पद्धतीत प्रत्येक परीक्षकासमोर गुणांचा तक्ता असतो. आधीचा टप्पा कसा गेला हे त्याला ठाऊक नसते. त्यामुळे एक टप्पा बिघडला तरी पुढचा कोऱ्या पाटीवर सुरू होतो, ही अर्जदाराच्या फायद्याची बाजू. तोट्याची बाजू अशी की पाच मिनिटांत जे तोंडातून बाहेर पडले तेवढ्यालाच गुण.

आकडेमोडीच्या टप्प्यावर प्रश्न होता: जन्मवजन ३,४०० ग्रॅम, पाचव्या दिवशी ३,०६० ग्रॅम, घट किती टक्के? दहा टक्के हे उत्तर त्यांनी लगेच दिले. सहकाऱ्याने कॅन्टीनमध्ये एका बाईविषयी मोठ्याने बोलण्याचा प्रसंग होता, त्यातही गोपनीयतेचा मुद्दा बरोबर मांडला. अडचण पुढच्या तीन ठिकाणी आली.

‘मिडवाइफच का?’ यावर त्यांनी आपल्या बाळंतपणाची हकीकत सांगितली. लहान मुलांची आवड, लोकांची सेवा, डॉक्टरांना मदत. परीक्षकाने विचारले, ‘मग नर्सिंग का नाही?’ याला उत्तर नव्हते. बाळांची आवड ही बालवाडीच्या शिक्षिकेलाही असते. ‘डॉक्टरांना मदत’ या शब्दांनी तर असे दिसले की अर्जदाराला हा पेशा स्वतंत्र आहे हेच माहीत नाही. यूकॅसच्या निवेदनातही हेच होते: ४,००० अक्षरांपैकी जवळपास निम्मी जागा स्वतःच्या प्रसूतीला आणि आजीच्या आठवणींना.

चालू घडामोडींच्या टप्प्यावर त्यांनी ऑकेंडन अहवालाचे नाव घेतले. इंग्लंडमधल्या श्रूजबरी आणि टेलफर्डच्या रुग्णालयांतल्या प्रसूतिसेवेवरचा हा अंतिम अहवाल ३० मार्च २०२२ रोजी आला, १,४८६ कुटुंबांची प्रकरणे त्यात तपासली गेली. ‘त्यातून तुम्ही काय घेतलेत?’ असे विचारल्यावर मात्र ‘काळजी नीट घेतली पाहिजे’ एवढेच सुचले. अपुरे मनुष्यबळ, आई काय सांगते आहे याकडे झालेले दुर्लक्ष, वरिष्ठांना वेळेत न बोलावणे, आणि चुकांतून न शिकणारी व्यवस्था, हे त्या अहवालाचे गाभ्याचे मुद्दे. त्यातला एकही आला नाही.

तिसरी अडचण सगळ्यात मोलाची, आणि आपल्याकडच्या अर्जदारांनी तर ती नीट समजून घ्यावी अशी. प्रसंग असा: ३८ आठवड्यांची गरोदर बाई, इंग्रजी जेमतेम, सोबत सासूबाई. सासूबाई दुभाषी म्हणून बोलतात, ‘बाळ जरा कमी हलतंय म्हणते ती, पण शेवटी शेवटी असं होतंच.’ तुम्ही शिकाऊ मिडवाइफ आहात. काय कराल?

अर्जदार म्हणाल्या, ‘मी सासूबाईंना विश्वासात घेईन, त्यांना समजावून सांगेन की तपासणी करून घ्या, मग डॉक्टर ठरवतील.’ सांगली-कोल्हापूरकडच्या घरात हे उत्तर समंजसपणाचे ठरेल. वडीलधाऱ्यांना डावलून सुनेशी बोलणे आपल्याला उद्धटपणाचे वाटते. इथे मात्र त्या उत्तरात ती गरोदर बाईच कुठे नव्हती. तिच्याशी कोणी बोलले नाही, तिला काय वाटते हे विचारले नाही, आणि तिच्या शरीराचा निर्णय सासूबाई आणि डॉक्टर यांच्यात वाटला गेला.

परीक्षकाला हवे होते ते असे. बोलायचे त्या बाईशी, तिच्याकडे पाहून. घरच्या माणसाऐवजी व्यावसायिक दुभाषी, फोनवरचा का असेना, मिळवायचा. कारण घरची व्यक्ती गाळून किंवा भर घालून सांगू शकते, आणि घरात मारहाण होत असेल तर ती बाई त्या व्यक्तीसमोर कधीच बोलणार नाही. म्हणून थोडा वेळ तिला एकटीला भेटण्याची सोय करायची. आणि बाळाची हालचाल कमी झाली ही तक्रार त्याच दिवशी तपासली जायला हवी, उद्यावर टाकायची नाही. शेवटच्या आठवड्यांत बाळ कमी हलते हा समज चुकीचा आहे. अर्जदाराला ही वैद्यकीय बाजू माहीत असावी अशी अपेक्षा नसते. ‘हे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे, मी लगेच माझ्या देखरेख करणाऱ्या मिडवाइफला सांगेन’ एवढे म्हटले तरी चांगले गुण मिळू शकतात. सासूबाईंचा अपमान न करता हे सगळे करता येते, आणि ते कसे कराल हे सांगितले तर परीक्षकाला ते आवडतेच.

नकारानंतर अर्जदारांनी ईमेल करून अभिप्राय मागितला. बहुतेक विद्यापीठे मागितल्याशिवाय देत नाहीत. उत्तर चार ओळींचे आले: आकडेमोड चांगली, पेशाची समज अपुरी, स्त्रीकेंद्री विचार दिसला नाही, वाचन वरवरचे.

कोणते पर्याय होते

एप्रिल २०२४ मध्ये समोर पाच वाटा होत्या.

त्याच वर्षी पुन्हा प्रयत्न ही पहिली. पाचही जागा हातच्या गेल्या की यूकॅसमध्ये फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत एकेक नवा अर्ज करता येतो, आणि नंतर उरलेल्या जागांची फेरी असते. मिडवाइफरीला या काळात जागा क्वचितच उरतात. शिवाय नकाराची कारणे तीच राहणार होती. ही वाट सोडली ते योग्यच झाले.

दुसरी वाट आधी नर्सिंगची. प्रौढ रुग्णांच्या शाखेची नर्स झाल्यावर मिडवाइफरीचा छोटा अभ्यासक्रम करता येतो. एकूण पाच वर्षे लागतात, पण नर्सिंगला प्रवेश तुलनेने सोपा. घरच्यांचा ओढा इकडे होता, ‘निदान हातात काहीतरी पडेल’ म्हणून. अर्जदारांना नर्सिंग नको होते. मनात नसलेल्या पदवीची तीन वर्षे, त्यात आजारी माणसांच्या वॉर्डांतल्या रात्रपाळ्या, हे फार महाग पडले असते.

पदवीची अप्रेंटिसशिप हा तिसरा पर्याय पाहताना फार मोहक वाटतो: पगार मिळतो, शुल्क नाही. पण त्यासाठी रुग्णालयाने जागा काढावी लागते आणि त्या बहुधा तिथेच काम करणाऱ्या सहायकांकडे जातात. बाहेरच्या माणसाने आधी प्रसूती विभागात सहायक म्हणून शिरायचे, मग वाट पाहायची. अर्जदारांनी दोन जागांसाठी अर्ज केले, बोलावणे आले नाही.

चौथा पर्याय, भारतीय प्रमाणपत्रांचे यूके एनिक या परदेशी पात्रता तपासणाऱ्या संस्थेकडून मूल्यांकन करून पुन्हा तोच अर्ज. मूल्यांकनाचा कागद उपयोगी असतो, पण तो विद्यापीठावर बंधनकारक नसतो आणि ‘अलीकडचा अभ्यास’ ही अट त्याने सुटत नाही.

पाचवा, आणि निवडलेला: एका वर्षाचा ‘ॲक्सेस टू हायर एज्युकेशन’ डिप्लोमा, सोबत जीसीएसई इंग्रजी आणि गणित. ॲक्सेस डिप्लोमा मोठ्या वयात शिक्षणाकडे परतणाऱ्यांसाठीच असतो. एकूण ६० क्रेडिट, त्यातले ४५ श्रेणीबद्ध. बी.एस्सी. झालेल्या बाईने पुन्हा बारावीच्या पातळीचे शिक्षण घ्यायचे, हे घरात आणि ओळखीच्या लोकांत पचायला जड गेले. तरी या एका निर्णयाने तीन नकारांची कारणे एकदम मिटत होती, आणि कॉलेजमधल्या शिक्षकांकडून शिफारसपत्रही मिळणार होते. आधीच्या अर्जात शिफारस शाळेच्या व्यवस्थापकाची होती. ती प्रामाणिक होती, पण अभ्यासाची कुवत त्यातून कळत नव्हती.

पैशाचा हिशेब निर्णायक ठरला. ॲक्सेसच्या शुल्कासाठी प्रौढ विद्यार्थ्यांचे कर्ज मिळते आणि पुढे पदवी पूर्ण केली की त्याची उरलेली रक्कम माफ होते. जीसीएसईचे वर्ग पात्र प्रौढांना मोफत. पदवीच्या बाबतीत भीती अशी होती की आधीची एक पदवी असल्याने सरकारी कर्ज मिळणार नाही. सर्वसाधारण नियम तसाच आहे, पण नर्सिंग आणि मिडवाइफरीला २०१७ पासून त्यातून सूट आहे. त्यावर एनएचएसकडून, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेकडून, वर्षाला ५,००० पौंडांचे अनुदान, ते परत करायचे नसते, आणि मूल असल्यास आणखी २,००० पौंड. अर्जदार आधी वर्षभर या सगळ्याला नाही म्हणत होत्या ते निव्वळ ही माहिती नसल्यामुळे.

काय केले

जीसीएसई आधी. नोव्हेंबरमध्ये इंग्रजी आणि गणिताची फेरी सोळा वर्षांवरच्यांसाठी असते आणि निकाल जानेवारीत लागतो, म्हणजे यूकॅसच्या मुदतीआधी. गणितात त्यांनी खालची पातळी निवडली. तिथे कमाल पाचवी श्रेणी मिळते, पण गरज चौथीचीच होती, त्यामुळे अवघड प्रश्नांचा धोका कशाला पत्करायचा? ‘फंक्शनल स्किल्स’ ही सोपी परीक्षा त्यांनी मुद्दाम टाळली, कारण यादीतल्या दोन विद्यापीठांना ती मिडवाइफरीसाठी चालत नव्हती. इंग्रजीत अडचण व्याकरणाची नव्हती. उतारा वाचून लेखकाने परिणाम कसा साधला हे लिहिण्याची सवय नव्हती. सहा आठवडे रोज एक उतारा असा सराव केला. जानेवारी २०२५ मध्ये दोन्हींत पाचवी श्रेणी आली.

त्याच काळात अनुभव जमवला. प्रसूती विभागात स्वयंसेवा मिळवणे अवघड असते आणि अर्ज पाहणाऱ्यांना हे माहीत असते. हवी असते ती बायकांशी, कुटुंबांशी थेट संबंध आलेली कामे आणि त्यातून केलेला विचार. अर्जदारांनी दोन गोष्टी धरल्या. स्तनपान करणाऱ्या आयांना आधार देणाऱ्या स्वयंसेविकांचे प्रशिक्षण घेऊन दर आठवड्याला एका गटात बसायला सुरुवात केली. आणि ‘मॅटर्निटी अँड निओनेटल व्हॉइसेस पार्टनरशिप’ या स्थानिक गटात सामील झाल्या. तिथे प्रसूतिसेवा घेतलेल्या आया आणि कर्मचारी एकत्र बसून सेवा सुधारण्यावर बोलतात. मराठी, गुजराती, पंजाबी बोलणाऱ्या आयांचे म्हणणे तिथे मांडायला फारसे कोणी नसते. दुसऱ्याच बैठकीत त्यांनी दुभाष्याचा मुद्दा काढला. पहिल्या मुलाखतीत ज्यावर त्या अडखळल्या त्याच प्रश्नाची दुसरी बाजू त्यांना तिथे आयांच्या तोंडून ऐकायला मिळाली: एकीला नवऱ्यासमोर रक्तस्रावाविषयी बोलता आले नव्हते, दुसरीला आपल्यावर नेमकी कोणती प्रक्रिया झाली हे घरी गेल्यावर कळले होते.

निवेदन मग मुळापासून नव्याने लिहिले. पाया धरला एनएमसीच्या २०१९ च्या प्रावीण्य-मानकांचा. त्यात सहा विभाग आहेत. स्वतंत्र आणि उत्तरदायी व्यावसायिक म्हणून मिडवाइफ, एकाच व्यक्तीकडून सातत्याने मिळणारी काळजी, सर्व आया-बाळांची काळजी, गुंतागुंत असताना जादा काळजी वगैरे. ही यादी निवेदनात उतरवायची नसते. अनुभवातला प्रत्येक प्रसंग लिहिताना ‘हा यातल्या कशाशी जोडला जातो’ असे स्वतःला विचारायचे, आणि काहीच जुळत नसेल तर तो प्रसंग काढून टाकायचा. आजीची आठवण गेली. स्वतःच्या बाळंतपणाला एकच वाक्य उरले. स्तनपानाच्या गटातली एक बाई, जिला बाटलीचे दूध द्यायचे होते आणि तसे म्हणायची भीती वाटत होती, तिच्याबरोबरच्या संभाषणाला सहा वाक्ये मिळाली. सल्ला न देता ऐकून कसे घेतले, आणि तो निर्णय तिचाच होता हे पटायला अर्जदारांना किती जड गेले, हे त्यात होते. निवेदनातला सगळ्यात जिवंत भाग हाच.

ठिकाणे निवडताना उलट्या क्रमाने विचार केला. आधी प्रत्येक विद्यापीठाची कामाची रुग्णालये, मग सकाळी साडेसातला तिथे पोचता येईल का, मग अटी, आणि शेवटी नाव. चारच ठिकाणे उरली आणि चारच भरली. प्रत्येकाला अर्जाआधी ईमेल करून आपल्या पात्रतेची यादी दिली आणि ‘हे चालेल का’ याचे लेखी उत्तर घेतले. पाचव्या रकान्यात नर्सिंग टाकण्याचा आग्रह झाला होता. तो मानला नाही, आणि ते बरे झाले, कारण निवेदन एकच असते आणि दोन पेशांसाठी लिहिलेले निवेदन दोन्हीकडे पातळ होते.

मुलाखतीची तयारी घड्याळ लावून केली. इथे भाषेची एक सवय मोडावी लागली. आपण मराठीत पार्श्वभूमी सांगत सांगत मुद्द्यावर येतो, ऐकणाऱ्याचा मान राखून. पाच मिनिटांच्या टप्प्यात असे केले की घंटा होते तेव्हा मुद्दा यायचा असतो. त्यांनी पहिल्या वाक्यात निर्णय आणि मग कारणे, असा सराव केला. ‘मी आधी त्या बाईशी एकटीशी बोलेन. कारण...’ असा. सराव घरच्यांसमोर नको, असे ॲक्सेसच्या शिक्षिकेने सांगितले होते. घरचे लोक अर्धे वाक्य ऐकून मान डोलावतात. म्हणून कॉलेजमधल्या वर्गमैत्रिणी आणि गटातल्या एक निवृत्त मिडवाइफ यांच्यासमोर केला.

वाचन मोजकेच ठेवले, पण प्रत्येक गोष्टीवर स्वतःचे मत तयार केले. ऑकेंडन अहवाल. मातामृत्यूंवरचा एम्ब्रेसचा २०२०–२२ चा अहवाल, ज्यात गोऱ्या स्त्रियांच्या तुलनेत कृष्णवर्णीय स्त्रियांच्या मृत्यूचे प्रमाण जवळपास तिप्पट आणि आशियाई स्त्रियांचे जवळपास दुप्पट दिसते. प्रसूतीच्या जागेवरचा २०११ चा ‘बर्थप्लेस’ अभ्यास, ज्यात कमी जोखमीच्या पहिलटकरणींसाठी घरी प्रसूती ठरवली असता बाळाला गंभीर त्रास होण्याचे प्रमाण हजारी ९.३ आले, रुग्णालयाच्या प्रसूती विभागात ५.३, आणि आधी मूल झालेल्यांमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही. हे आकडे तोंडपाठ म्हणून दाखवायचे नव्हते. ‘हे एखाद्या घाबरलेल्या बाईला तुम्ही कसे सांगाल?’ या प्रश्नाची ती तयारी होती.

निष्पत्ती

चार अर्जांतून तीन मुलाखती झाल्या, दोन ठिकाणी जागा देऊ केली गेली.

जिथे पुढे प्रवेश घेतला त्या मुलाखतीतला प्रसंग होता, आधीचे सिझेरियन झालेल्या बाईला घरी बाळंत व्हायचे आहे. अर्जदारांनी सुरुवातच ‘हा निर्णय तिचा आहे’ अशी केली. तिला असे का वाटते हे आधी विचारेन, मागच्या वेळी काही वाईट घडले होते का? व्रण फाटण्याचा धोका साधारण २०० मध्ये एक, हे तिला न घाबरवता आणि न लपवता सांगता येईल अशा वरिष्ठ मिडवाइफशी आणि हवे तर डॉक्टरांशी तिची भेट ठरवेन, बोलणे नोंदवेन, आणि सगळे ऐकून तिने तेच ठरवले तर तिची साथ सोडणार नाही. परीक्षकांपैकी एक प्रसूतिसेवा घेतलेली आई होती. एनएमसीच्या नियमानुसार निवडीत अशा व्यक्तींचा सहभाग असावा लागतो. तिने विचारले, ‘आणि तुम्हाला स्वतःला तो निर्णय चुकीचा वाटला तर?’ अर्जदार थोडे थांबून म्हणाल्या की माझी काळजी मी वरिष्ठांकडे बोलून दाखवेन, तिच्यावर लादणार नाही. या टप्प्याला सर्वाधिक गुण मिळाल्याचे नंतर कळले.

मुलीच्या व्यवस्थेचाही प्रश्न आला. साडेबारा तासांच्या पाळ्या, रात्री, शनिवार-रविवार. ‘नवरा बघेल’ हे उत्तर पुरत नाही. त्यांनी सकाळी साडेसहाला मूल घेणारी बालसंगोपक, पतीच्या कामाच्या बदललेल्या वेळा आणि सरकारी बालसंगोपन अनुदान असा आराखडा सांगितला.

अट होती ४५ श्रेणीबद्ध क्रेडिटपैकी ३० डिस्टिंक्शन आणि १५ मेरिट. जून २०२५ मध्ये ३३ आणि १२ आले.

त्यानंतरचा टप्पा बहुतेकांच्या हिशेबात नसतो, आणि इथेही जवळपास अडले. गुन्हेगारी नोंदींची डीबीएस तपासणी सहज झाली. पण २०२१ मध्ये वडिलांच्या आजारपणामुळे अर्जदार सात महिने भारतात होत्या, म्हणून विद्यापीठाने भारतातल्या पोलिसांचा दाखलाही मागितला. तो उच्चायुक्तालयामार्फत यायला बरेच आठवडे गेले. आरोग्य तपासणीत लहानपणच्या लसींची कागदपत्रे नव्हती. गोवर-रुबेला आणि कांजिण्यांची प्रतिकारशक्ती रक्त तपासून ठरवावी लागली, बीसीजीचा व्रण दाखवावा लागला, आणि हिपॅटायटिस बी च्या तीन मात्रा नव्याने सुरू कराव्या लागल्या. वर्ग सप्टेंबरमध्ये वेळेवर सुरू झाले. रुग्णालयातले काम मात्र परवानगी मिळेपर्यंत काही आठवडे उशिरा सुरू झाले आणि ते तास नंतर भरून काढावे लागले.

वेगळे काय करता आले असते

पात्रतेची लेखी चौकशी पहिल्या अर्जाआधी व्हायला हवी होती. तीन नकार तिथेच टळले असते आणि २०२३ च्या सप्टेंबरातच ॲक्सेसला नाव घालता आले असते. पूर्ण एक वर्ष वाचले असते.

पहिला अर्ज वाया गेला असे मात्र आम्हाला वाटत नाही. ती एक मुलाखत झाली नसती तर सासूबाईंच्या प्रसंगातली अडचण अभ्यासक्रम सुरू झाल्यावर, खऱ्या बाईसमोर उघडी पडली असती. तरीही त्यासाठी अर्ज खर्ची घालण्याची गरज नव्हती. स्थानिक व्हॉइसेस गटाच्या दोन बैठका आणि एखाद्या कामावरच्या मिडवाइफशी तासभर बोलणे यातूनही ते कळले असते.

अप्रेंटिसशिपचा पर्याय फार लवकर सोडला गेला. ज्यांना वर्षभर प्रसूती विभागात सहायक म्हणून काम करणे शक्य आहे, त्यांनी तो गंभीरपणे पाहावा.

लसींच्या नोंदी आणि पोलिसांचा दाखला यांचे काम जागा देऊ केल्याच्या दिवशीच सुरू करावे, अट पूर्ण होण्याची वाट पाहू नये. भारतात येणे झाले तर जुन्या डॉक्टरांकडून लसीकरणाचा जो काही कागद मिळेल तो घेऊन जावा.

एक बदल आता अर्ज करणाऱ्यांसाठी महत्त्वाचा आहे. २०२६ च्या प्रवेशापासून यूकॅसचे एकसंध निवेदन गेले आणि तीन प्रश्न आले: हा अभ्यासक्रम का, शिक्षणाने तुमची तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलेत व ते का उपयोगी. एकूण मर्यादा ४,००० अक्षरांचीच, प्रत्येक उत्तराला किमान ३५०. या प्रकरणातले दुसरे निवेदन त्या साच्यात सहज बसले असते. पहिल्यातले जवळजवळ सगळे पहिल्याच प्रश्नाखाली गेले असते, आणि उरलेल्या दोन रकान्यांत लिहायला फारसे काही निघाले नसते.